अकोल्याला आलेल्या दशम्या

चांदूर बाजारच्या बसस्टँडवर गाडी लागली तेव्हा आई माझ्या मांडीवर एकेक पिशवी ठेवत होती आणि बाबा खाली उभं राहून खिडकीतून तिला रागावत होते. "अवो, पोट्टी कुठं घेईन थे? पिशवीवर काय?" रेवा तेव्हा चार महिन्यांची होती आणि माझ्या खांद्यावर गाढ झोपली होती. आईने बाबांचं ऐकलं नाही. ती त्यांचं कधीच ऐकत नाही. शेवटची पिशवी तिने माझ्या पायाशी सरकवली, तिच्यात धुतल्या फडक्यात बांधलेल्या दशम्या होत्या. "वाटेत खाजो. पान्यातली पोळी परवासात उतरते, दशमीले काही होत नाई," म्हणाली आणि मग जी रडायला लागली, ती कंडक्टरने "मावशी, उतरा आता" म्हणेपर्यंत थांबलीच नाही. बाबा तिला म्हणाले, "कावून रडून राहिली? अकोल्याले चालली पोट्टी, लंडनले नाई." आणि गाडी हलली तसे स्वतःच गळ्यातल्या दुपट्ट्याने डोळे पुसायला लागले.

तर मी लंडनला गेले नाही. अकोल्याला गेले. गाव सोडलेली माणसं समुद्रापलीकडून आठवणी लिहितात, बर्फाबद्दल लिहितात. माझ्याकडे बर्फ नाही. अकोल्याचं ऊन आहे, आणि त्याच्याबद्दल जेवढं कमी बोलू तेवढं बरं. पण ज्या घरात तुम्ही जन्मलात, बाळंत झालात, जिथं सकाळी न विचारता हातात चहा येतो, ते घर मागे टाकून दोन खोल्यांत जाऊन बसलं, की मधे समुद्र असो नाहीतर मूर्तिजापूर, पोटात सारखंच तुटतं. हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे, जे गावी आहेत त्यांच्यासाठी, आणि जे माझ्यासारखे गावाचा डबा सोडवायला बसस्टँडवर जातात त्यांच्यासाठीही.

आमचं माहेर म्हणजे भाजीवाल्यांचं घर. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, विहिरीजवळ थोडी केळी, आणि गोठ्यात लाली नावाची एक गाय. बाबा भाजी पिकवतात, आई आणि वहिनी ती बाजारात विकतात. आमच्या घरी पैपाहुण्याच्या हातात आधी दूध द्यायचं आणि मग विचारायचं, कसे आलात. प्रवीणला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, अकोल्यात डाळ मिलमध्ये सुपरवायझरची नोकरी लागली तेव्हा मी बाळंतपणाला माहेरी होते. त्याने भाड्याने घर पाहून ठेवलं आणि मी बाळाला घेऊन सरळ तिकडेच गेले.

अकोल्यात पोचून आठवडा झाला नसेल, रेवाच्या लंगोटात मला रक्ताची रेघ दिसली. आधी वाटलं, आपलंच काहीतरी लागलं असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा. शेंबडासारखं चिकट आणि त्यात लाल. गाल तर आधीपासूनच खडबडीत लाल झाले होते, ते आता पाणवायला लागले. दूध पाजलं की पाय पोटाशी घ्यायची आणि धनुष्यासारखी ताठ व्हायची. त्या पोरीचं रडणं अजून कानात आहे माझ्या. जवळच्या डॉक्टरांनी पोटात जंतू झाले म्हणून औषध दिलं. औषध संपलं, रक्त तसंच.

मग गावाकडून सल्ले सुरू झाले. फोन आईचा, पण मागून आख्खी गल्ली बोलायची. कोणी म्हणे नजर लागली. कोणी म्हणे अकोल्याचं पाणीच खराब, पोट्टीले लागून राहिलं. एकीने तर सांगितलं, "तिचंच दूध बाधते पोरीले, अंगावरचं तोड म्हना आन् बकरीचं दे, हलकं असते." त्या दिवशी मी फोन आपटला. बाई गं, ज्या पोरीला माझ्याजवळ पाजण्याशिवाय दुसरं काही नाही, तिला मीच बाधते म्हणे! पण खोटं कशाला सांगू, मनात भीती बसली. रेवाचं वजन वाढायचं थांबलं होतं, आणि मला रोज सकाळी लंगोट उघडायची धास्ती वाटायची.

शेवटी लहान मुलांच्या एका डॉक्टर मॅडमकडे गेलो. चष्मा नाकावर, बोलणं तडकाफडकी, पण रेवाला हातात घेतलं तेव्हा आवाज एकदम मऊ झाला. त्यांनी सगळं विचारलं, गाल पाहिले, पोट दाबून पाहिलं, आणि म्हणाल्या, "मला वाटतं ही दुधाची अॅलर्जी आहे. गाईम्हशीच्या दुधात जी प्रथिनं असतात, ती हिच्या शरीराला परकी वाटतात. तुम्ही दूध पिता, त्याचा अंश तुमच्या अंगावरच्या दुधात उतरतो आणि हिच्या आतड्याला सूज येते."

मी विचारलं, "म्हणजे माझंच बाधतं?"

"तुमचं दूध अमृत आहे. ते एक दिवसही बंद करायचं नाही. बंद करायचं ते तुमच्या ताटातलं."

मला तिथेच रडू आलं. प्रवीणने पाण्याची बाटली पुढे केली, मी ती ढकलून दिली आणि आणखी रडले. पण त्या रडण्याने खूप हलकं वाटलं. मॅडमनी समजावून सांगितलं: रक्ताच्या तपासणीत हा प्रकार बहुतेक वेळा सापडत नाही. खात्री करायची एकच रीत. आईने दोन-चार आठवडे दूध आणि दुधाचं सगळं पूर्ण सोडायचं. बाळ सुधारलं, की आईने मुद्दाम पुन्हा दूध घेऊन पाहायचं. त्रास परत आला तर निदान पक्कं. बकरीचं विचारलं तर म्हणाल्या, गाय, म्हैस, बकरी सगळ्यांची प्रथिनं भावंडांसारखी, एक बाधलं की बहुतेक दुसरंही बाधतंच. मला कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या आणि खाण्यात तीळ, शेंगदाणे, हिरव्या भाज्या वाढवायला सांगितल्या.

आता बघा, भाजीवाल्याची पोरगी मी, पण दुधाशिवाय जगायचं म्हणजे मला हात बांधून पोहायला सांगितल्यासारखं झालं. दही गेलं, कढी गेली, तूप गेलं. चहा काळा. पहिल्या घोटाला तोंड असं झालं, की प्रवीण हसला आणि मी त्याच्याशी दिवसभर बोलले नाही. दुकानात मी पुडे उलटे करून वाचायला शिकले. बिस्किटात दूध पावडर, ब्रेडमध्ये दूध पावडर, मसाल्याच्या चिप्समध्येसुद्धा! घरमालकीणबाईंनी सत्यनारायणाचा प्रसाद आणला की मी कपाळाला लावून वाटीत ठेवायची. त्यांना वाटलं, ही बाई मोठी अहंकारी आहे. समजावून सांगितल्यावर त्याच सगळ्या गल्लीत सांगत फिरल्या, "तिले काही देऊ नका गा, लेकरू दुधाचं सहन करत नाई."

आणि आईला मी फोनवर दम भरला होता. "आई, दूध नाई. दही नाई. तुपाचा थेंब नाई. समजलं?"

"समजलं वं बाई. मी काय येडी हाओ? तेल लावीन."

आठवडाभरातच रेवाचं रडणं कमी झालं. पुढे लंगोट स्वच्छ यायला लागला, गाल मऊ झाले. मी देवापुढे दिवा लावला. आणि मग शनिवारी गावाचा डबा आला.

डबा म्हणजे काय, ते गाव सोडलेल्यांना सांगायला नको. ओळखीच्या ड्रायव्हरजवळ आई पिशवी द्यायची आणि प्रवीण ती अकोल्याच्या बसस्टँडवर सोडवून आणायचा. वांगी, मेथीची जुडी, शेंगदाण्याची चटणी, कच्ची केळी, आणि फडक्यात बांधलेल्या दशम्या. पिशवी उघडली की आमच्या दोन खोल्यांत आमच्या वावराचा वास यायचा. काळा चहा, चटणी आणि दशमी. बाकी सगळं तोंडातून गेलं होतं, एवढंच आईचं उरलं होतं. मी दोन दिवस तेच खाल्लं.

सोमवारी पुन्हा रक्त.

एकदा झालं तर मी म्हटलं, चालायचंच, आतडं नाजूक आहे. पुन्हा बरी झाली. पुन्हा डबा आला. पुन्हा रक्त. आता प्रवीण मिलमध्ये मालाचे नमुने तपासणारा माणूस, त्याच्या डोक्यात लगेच गणित बसलं. एक दिवस जेवताना हळूच म्हणाला, "मी काय म्हनतो, गावचा डबा आला की पोट्टीले होते. वांग्यावर फवारणी केली असन बाबांनी. काही दिवस डबा बोलावू नोको."

माझं डोकं फिरलं. माझ्या बाबांच्या भाजीवर बोट! ज्या माणसाने फवारलेल्या वाफ्यात आम्हाला पाऊल टाकू दिलं नाही, त्याच्या भाजीने त्याच्याच नातीला बाधावं? "तुमच्या अकोल्याचं पानी बाधत असन," असं मी म्हणाले, गल्लीतल्या बायांचंच वाक्य. तो म्हणाला, "मंग डबा नसतो तेव्हा का नाई बाधत?" मी ताट उचललं आणि आत गेले. आत गेल्यावर मात्र रेवाकडे पाहिलं. प्रवीणचं खरं असलं तर? एका बाजूला माझी पोरगी आणि दुसऱ्या बाजूला माझं घर, असं व्हायची वेळ आली तर मी काय करायचं? पोरगीच निवडणार, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच तर रडू येत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईला फोन लावला. कसं सांगायचं याची मनात उजळणी केली होती. म्हटलं, "आई, आता काही दिवस डबा नको पाठवू. भाजी भेटते इथं."

मला वाटलं, ती रुसेल. ती म्हणाली, "बरं झालं बाई तूच म्हनली. लाली आटली हाय. दशम्या मळाले दूध पुरूनच नाई राहिलं. मागच्या बारीले तं शेजारून आनलं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आई," म्हटलं, "दशमीत दूध?"

"मंग काय पानी? दशमी हाय थे!"

आता तुम्ही म्हणाल, हिला माहीत नव्हतं काय? अहो, मला माहीत होतं! लहानपणी परातीत पिठावर दुधाची धार सोडायचं काम माझंच होतं. दशमी दुधातच मळतात, म्हणून तर ती टिकते, म्हणून तर ती प्रवासाला देतात. आईला माहीत, मला माहीत, वहिनीला माहीत, माझ्याबरोबर बसून दशम्या खाणाऱ्या प्रवीणला माहीत. पण दूध म्हणजे गिलासातलं. दही, तूप, पेढा ही दुधाची लेकरं. दशमी? दशमी म्हणजे पोळी! पोळीला कोणी दूध म्हणतं काय? आईने तर तुपाऐवजी तेल लावून, वर भांडं वेगळं घासून, माझ्यासाठी शुद्ध दुधात मळलेल्या दशम्या पाठवल्या होत्या.

मी हसायला लागले. हसता हसता रडले. तिकडून आई "काय झालं वं? पोट्टी बरी हाय ना?" म्हणून ओरडत होती. मी सांगितलं. आई बारीक आवाजात म्हणाली, "म्हनजे मीच माह्या नातीले..." फोन वहिनीने घेतला.

संध्याकाळी प्रवीण आला. त्याला सांगितलं तसा तो बूट न काढताच दिवाणावर टेकला. "बाप्पा," एवढंच म्हणाला. मग उठून बाबांना फोन लावला आणि वांगी कशी आहेत, याची उगाच चौकशी करत बसला. बाबांना काही कळलं नाही, पण मला कळलं.

डॉक्टर मॅडमना सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. "मी स्वतः दशम्या खाऊन मोठी झाले हो! बिस्कीट विचारलं, पनीर विचारलं, आईस्क्रीम विचारलं. दशमी मलाही सुचली नाही." मग म्हणाल्या, "पण तुमच्या आईने आपलं काम सोपं केलं. दूध सोडल्यावर बरी होते, दूध पोटात गेलं की त्रास होतो, हे मला मुद्दाम तुम्हाला दूध पाजून बघावं लागलं असतं. ते आधीच झालं, तेही एकदा सोडून दोनदा. आता शंका उरली नाही."

हे मी आईला जसंच्या तसं सांगितलं. मुद्दाम दोनदा सांगितलं. ती तेव्हापासून माझ्याशी नीट बोलत नव्हती, कामात आहे म्हणून फोन ठेवून द्यायची. हे ऐकून म्हणाली, "डाक्टरीन बाई शानी दिसते." मग म्हणाली, "केळी हायेत आपल्याजवळ. पिकल्या केळ्यात पीठ मळलं तं? गूळ जरासा, आन् तेल."

पुढच्या शनिवारच्या पिशवीत केळ्याच्या दशम्या होत्या. जरा काळपट, वाकड्या, पण गोड आणि लोण्यासारख्या मऊ. मी भीत भीत खाल्ल्या. रविवार गेला, सोमवार गेला, मंगळवार गेला. लंगोट पिवळाधमक! आयुष्यात कधी कोणी त्या वस्तूकडे पाहून एवढं खूश झालं नसेल. मी प्रवीणला मिलमध्ये फोन करून सांगितलं आणि तो बिचारा मजुरांसमोर "अरे वा, अरे वा" म्हणत राहिला.

नंतरचं सगळं काही सोपं नव्हतं. रेवा वर्षाची झाल्यावर दवाखान्यात देखरेखीखाली थोडं दूध देऊन पाहिलं, तर तोंडाभोवती लाल गांधी उठल्या आणि तिने भडाभडा उलटी केली. मॅडमनी लगेच सांभाळलं, पण मी त्या दिवशी खूप घाबरले. अजून थांबू, म्हणाल्या, बहुतेक मुलं मोठी होता होता यातून बाहेर येतात. आम्ही थांबलो. थांबता थांबता अकोला आमचं झालं. कोणत्या बेकरीचा टोस्ट चालतो, कोणत्या दुकानदाराला पुडा वाचता येतो, सगळं पाठ झालं. घरमालकीणबाई प्रसादाचा शिरा रेवासाठी वेगळा, तेलात करायला लागल्या. बालवाडीत रेवा स्वतःच सांगायची, "मले दूध नाई चालत," आणि शिक्षिका तिच्या तोंडची वऱ्हाडी ऐकून हसायच्या. तिचं अंगावरचं सुटलं तेव्हा माझा दुधाचा चहा परत आला. तो पहिला कप मी गॅलरीत बसून एकटीने प्यायले, कोणालाही घोट दिला नाही.

आणि या महिन्यात पुन्हा तपासणी झाली. आधी घरी, मॅडमनी सांगितल्याप्रमाणे, भाजलेल्या बिस्किटातलं दूध तिला सोसू लागलं होतं. आता दवाखान्यात चमच्या चमच्याने साधं दूध. एक चमचा, मग वाट पाहायची. मग थोडं जास्त, पुन्हा वाट. मी तिच्या गालांवरून नजर हलवली नाही. प्रवीण भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत होता, पहिल्या ओळीच्या पुढे गेला असेल असं वाटत नाही. शेवटी पूर्ण कप झाला आणि काही झालं नाही. गांध नाही, उलटी नाही, खाज नाही. आणखी बराच वेळ बसवून ठेवून मॅडम म्हणाल्या, "सुटली ही." रेवाने ओठ पुसले आणि म्हणाली, "वास येते याचा."

रविवारी आम्ही न सांगता गावी निघालो. मला आईचं तोंड पाहायचं होतं. मनात ठरवलं होतं, की गेल्या गेल्या आईला म्हणायचं, लालीचं दूध काढ आणि दशम्या कर, पहिल्यासारख्या. पोचलो तेव्हा आई वावरात होती. वहिनी धावत आली, रेवाला उचललं, आणि भुकेली असेल म्हणून फळीवरचा डबा काढून तिच्या हातात दशमी दिली. सवयीने मी ओरडले, "वहिनी, थांबा! कशात मळली?" आता विचारायची गरज नव्हती, पण जीभ ऐकते काय?

वहिनी हसली. "केळ्यातली हाय ताई. या घरात दशमीले दूध लावूनच नाई राहिलो आमी. तुमी अकोल्याले असल्या तरी. आई लावूच देत नाईत."

मला समजेना. "आमी नसतो तरी? तुमी सगळे तशीच खाता? बाबा बी?"

"तं काय. पयले कुरकुर करत, आता सवय झाली."

तेवढ्यात आई दारात आली, डोक्यावर मेथीचा भारा. तिने आमचं बोलणं ऐकलं होतं. भारा खाली टाकून म्हणाली, "मंग? तुमी काय सांगून येता? पोट्टीनं आल्या आल्या डब्यात हात घातला तं?"

एवढी वर्षं मला वाटत होतं, की मी एकटीने दूध सोडलं होतं. इकडे आख्खं घर, आम्ही नसताना, आम्ही कधी येऊ ते माहीत नसताना, रेवाच्या पोटाच्या बेताने पीठ मळत होतं. लंडन असो की अकोला, माणूस निघून गेल्यावर त्याचं घर मागे राहतं की नाही, याची मला फार चिंता होती. ती त्या दारात संपली. मी आईला मिठी मारली, मेथीच्या ओल्या मातीसकट, आणि तिच्या कानात सांगितलं, की आई, सुटली गं पोरगी, आता तिला दूध चालतं, कर तुझ्या जुन्या दशम्या.

आई आधी रडली. मग रेवाला जवळ ओढलं, तिचं तोंड पदराने पुसलं, तिच्या हातातल्या अर्ध्या दशमीकडे पाहिलं.

"चालते तं पाज गिलासात," म्हणाली. "दशमी या घरात आता अशीच होइन."